शेवटच्या दोघांपासून सुरुवात

पाच अक्षरं घ्या: क, र, त, न आणि ल. चाळीस अक्षरांच्या एका मजकुरात क १६ वेळा आलाय, र ७ वेळा, त ६, न ६ आणि ल ५ वेळा. हा मजकूर फक्त ० आणि १ वापरून दुसऱ्या गावी पाठवायचा आहे. कुठल्या अक्षराला कोणता संकेत द्यावा, म्हणजे एकूण कमीत कमी बिट, म्हणजे ० किंवा १ चे आकडे, खर्च होतील? अट एकच. मध्ये स्वल्पविराम नाही, मोकळी जागा नाही. पलीकडचा माणूस सलग ओळ वाचत गेला की एक अक्षर कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं, हे त्याला आपोआप कळलं पाहिजे.

प्रश्न दिसायला शाळेतल्या कोड्यासारखा आहे. १९५१ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये माहिती-सिद्धांत शिकवणाऱ्या रॉबर्ट फानो यांनी तो आपल्या वर्गाला घातला, आणि सवलत दिली की अंतिम परीक्षा द्यायची नसेल तर यावर निबंध लिहा. एक गोष्ट मात्र सांगितली नाही. हा प्रश्न तोवर कुणालाच सुटलेला नव्हता. खुद्द फानो आणि माहिती-सिद्धांताचे जनक क्लॉड शॅनन त्याच्याशी झटले होते, आणि दोघांच्याही हाती लागली होती ती कामचलाऊ रीत.

वर्गात डेव्हिड हफमन नावाचे विद्यार्थी होते. जन्म १९२५ चा, ओहायोतला. १९४४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ओहायो स्टेट विद्यापीठाची विद्युत अभियांत्रिकीची पदवी हातात होती. त्यानंतर नौदलात एका विनाशिकेवर रडारच्या देखभालीचं काम केलं; युद्ध संपल्यावर जपान आणि चीनच्या समुद्रातले सुरुंग काढण्याच्या मोहिमेत ती विनाशिका होती. मग पुन्हा ओहायोत पदव्युत्तर शिक्षण आणि तिथून एमआयटी. त्यांनी परीक्षेऐवजी निबंध निवडला. कित्येक महिने निरनिराळ्या रीती करून पाहिल्या. पण ही रीत सर्वांत उत्तम, यापेक्षा कमी बिटांत होणारच नाही, असं एकीबद्दलही सिद्ध करता येईना. शेवटी कंटाळून परीक्षेचा अभ्यास करायचं ठरवलं, टिपणांचे कागद कचऱ्याच्या टोपलीत टाकायला घेतले, आणि त्याच वेळी उत्तर सुचलं. फानो आणि शॅननसुद्धा यात अडकले होते हे ठाऊक असतं तर आपण कदाचित हात घातलाच नसता, असं ते पुढे सांगत. शिकवणाऱ्या माणसाने यावर जरूर थांबून विचार करावा. प्रश्न किती अवघड आहे हे आधीच सांगून टाकणं म्हणजे विद्यार्थ्याला पहिल्याच पायरीवर थकवणं असतं.

आता ती रीत. आधी फानोंची, कारण ती कुठे घसरते हे पाहिल्याशिवाय हफमन यांच्या रीतीची गोडी कळत नाही.

फानो वरून कापत येतात. चाळीसचे शक्य तितके सारखे दोन वाटे करायचे. क एकटा घेतला तर १६ आणि २४, फरक ८. क आणि र घेतले तर २३ आणि १७, फरक ६. दुसरी वाटणी जास्त समतोल, म्हणून ती घ्यायची. पहिल्या वाट्याला ०, दुसऱ्याला १. मग प्रत्येक वाटा पुन्हा तसाच कापायचा. शेवटी क ००, र ०१, त १०, न ११० आणि ल १११. एकूण खर्च: १६ गुणिले २, ७ गुणिले २, ६ गुणिले २, ६ गुणिले ३, ५ गुणिले ३, बेरीज ९१ बिट. प्रत्येक अक्षराला सरसकट तीन बिट दिले असते तर १२० लागले असते. तेव्हा रीत वाईट नाही.

हफमन खालून बांधत जातात. सगळ्यांत कमी वेळा येणारे दोघे शोधा: ल (५) आणि न (६). त्यांची गाठ मारा; आता ते ११ वजनाचं एकच अक्षर आहे असं समजा. उरले क १६, ही गाठ ११, र ७, त ६. पुन्हा सर्वांत हलके दोन: त आणि र, मिळून १३. उरले १६, १३, ११. पुन्हा हलके दोन: ११ आणि १३, मिळून २४. शेवटी १६ आणि २४, मिळून ४०. झालं झाड तयार. आता वरून खाली येताना प्रत्येक फाट्यावर डावीकडे ० आणि उजवीकडे १ लिहा: क ला नुसतं ०, ल १००, न १०१, त ११०, र १११. खर्च मोजा: १६ गुणिले १ आणि उरलेल्या २४ अक्षरांना तीन-तीन, एकूण ८८. पडताळा हवा असेल तर झाडातल्या सगळ्या गाठींची वजनं मिळवा: ११, १३, २४, ४०. बेरीज तीच, ८८. हातानं सोडवताना ही बेरीज नेहमी करावी, चूक लगेच पकडली जाते.

यात कुठल्याही अक्षराचा संकेत दुसऱ्या अक्षराच्या संकेताची सुरुवात नाही, म्हणून स्वल्पविरामांची गरज पडत नाही. १०१०१०० ही ओळ वाचून पाहा. १ वर काही संपत नाही, १० वर नाही, १०१ वर न. मग ० म्हणजे क. मग १०० म्हणजे ल. नकल.

फानोंच्या वाटणीत पहिलाच काप चुकला होता. वरून पाहताना २३-१७ ही वाटणी १६-२४ पेक्षा नीटस दिसते, पण तिने मजकुरातल्या सर्वांत लाडक्या अक्षराच्या, क च्या, गळ्यात दोन बिट बांधले. वरच्या टोकाला घेतलेला निर्णय सर्वांत महाग, आणि त्या टोकाला आपल्याला सर्वांत कमी कळलेलं असतं. खालच्या टोकाला मात्र एक गोष्ट खात्रीची आहे: सर्वांत दुर्मीळ दोन अक्षरं झाडाच्या सर्वांत खोल फांदीवर शेजारी-शेजारी बसवली तर नुकसान कधीच होत नाही. समजा कुणी झाडाच्या तळाशी दुसरंच, जास्त वापराचं अक्षर बसवलंय. त्याची आणि दुर्मीळ अक्षराची अदलाबदल करा. खर्च कमी होईल किंवा तेवढाच राहील, वाढणार नाही. तेव्हा त्या दोघांची गाठ बेधडक मारायची. पाच अक्षरांचा प्रश्न चार अक्षरांचा होतो, चाराचा तीनचा. सिद्धता एवढीच आहे आणि ती कुणालाही चहाच्या टेबलावर समजावता येते. १९५२ च्या सप्टेंबरमध्ये ती छापून आली. पुढच्या वर्षी हफमन डॉक्टरेट मिळवून एमआयटीतच शिकवू लागले.

कागदावरची रीत यंत्रात उतरताना मात्र अनेक ठिकाणी अडते.

पहिली अडचण वाटेत होणाऱ्या चुकांची. नकल च्या त्या ओळीतला पहिलाच बिट वाटेत उलटला आणि ००१०१०० पोचलं असं धरा. वाचा: क, क, न, क, क. तीन अक्षरांची पाच झाली. ठरावीक लांबीच्या संकेतात एक बिट बिघडला तर एक अक्षर बिघडतं. इथे अक्षरांच्या सीमाच सरकतात. म्हणून हा संकेत वापरणाऱ्या प्रत्येक व्यवस्थेला मध्ये मध्ये खुंट्या ठोकाव्या लागतात. फॅक्स यंत्र हा त्याचा अगदी मोकळा, डोळ्यांना दिसणारा नमुना. तिथे कागदाची एक आडवी ओळ १७२८ ठिपक्यांची असते, आणि पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांच्या सलग रांगा मोजून त्या लांबीला हफमन यांच्या पद्धतीचा, आधीच ठरवून ठेवलेला संकेत दिला जातो. दोन किंवा तीन काळे ठिपके हे अक्षराच्या रेघेची नेहमीची जाडी, म्हणून त्यांना सर्वांत आखूड, दोनच बिटांचे संकेत: ११ आणि १०. संपूर्ण कोरी ओळ, म्हणजे १७२८ पांढरे ठिपके, केवळ १७ बिटांत मावते. आणि प्रत्येक ओळीनंतर अकरा शून्यं आणि एक १ असा बारा बिटांचा खुंट. इतकी शून्यं सलग दुसऱ्या कुठल्याही रीतसर ओळीत येऊ शकत नाहीत. टेलिफोनच्या तारेवर खरखर झाली तर बिघाड त्या ओळीपुरता राहतो. यंत्र पुढचा खुंट शोधून पुन्हा मार्गावर येतं. (देवनागरी मजकूर फॅक्स केला की शिरोरेषेच्या उंचीवरच्या ओळी चटकन उरकतात, कारण तिथे मोजक्याच लांब रांगा असतात, बिट खर्च होतात ते खाली, काने आणि गोलाईंच्या तुकड्या-तुकड्यांवर.)

दुसरी अडचण यादीची. पलीकडच्याला झाड माहीत नसेल तर ओळ वाचणार कशी? झाड सोबत पाठवायचं तर त्याचा खर्च वेगळा, आणि चाळीस अक्षरांच्या चिठ्ठीत वाचवलेले बत्तीस बिट त्या यादीतच संपतील. यावर एक सुंदर तोड निघाली. संकेत पाठवायचेच नाहीत, फक्त त्यांच्या लांब्या पाठवायच्या. आपल्या उदाहरणात वर्णक्रमाने क, त, न, र, ल यांच्या लांब्या १, ३, ३, ३, ३. दोन्हीकडे नियम ठरलेला: आखूड आधी, सारख्या लांबीचे वर्णक्रमाने, आणि संकेत एकेकाने वाढवत जायचे. म्हणजे क ०, त १००, न १०१, र ११०, ल १११. झाडावरच्या अक्षरांच्या जागा बदलल्या तरी खर्च ८८ च राहतो आणि यादी पाच आकड्यांत संपते. झिप फाइलींच्या आत असणारी डिफ्लेट पद्धत नेमकं हेच करते. तिथे २८६ आणि ३० अशा दोन यादींतल्या चिन्हांच्या लांब्या लिहायच्या असतात. त्या लांब्यांनाच पुन्हा १९ चिन्हांची वेगळी हफमन यादी लावून दाबलं जातं. आणि त्या १९ चिन्हांच्या लांब्या तीन-तीन बिटांत, एका विचित्र क्रमाने येतात: १६, १७, १८, ०, ८, ७, ९ असं करत शेवटी १५. क्रम असा अशासाठी की बहुधा न लागणारी चिन्हं शेवटी पडावीत आणि शेपूट कापून टाकता यावं. फारच लहान मजकुरासाठी मात्र आधीपासून ठरलेली एक तयार यादी वापरायची सोय आहे, यादीचा खर्चच नाही.

तिसरी अडचण कमी लोकांना ठाऊक असते. वापराचे आकडे १, १, २, ३, ५, ८, १३ असे फिबोनाचीच्या चालीने, म्हणजे प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज, वाढत गेले, तर झाड पसरत नाही, शेवग्याच्या शेंगेसारखं लांबच लांब लटकत जातं. अशी १७ चिन्हं असली की सर्वांत दुर्मीळ चिन्हाला १६ बिट लागतात, आणि त्यासाठी मजकूर फक्त ४१८० चिन्हांचा पुरतो. डिफ्लेटमध्ये कमाल लांबी १५ बिट. फोटोंच्या जेपेग पद्धतीत १६, शिवाय ज्यात सगळे बिट १ आहेत असा संकेत तिथे वापरायला बंदी. स्वतः संकेत बनवणारा प्रोग्रॅम लिहिणारे पुष्कळ जण ही मर्यादा विसरतात; नेहमीच्या मजकुरावर सगळं सुरळीत चालतं आणि एके दिवशी एखाद्या विचित्र फाइलीवर कोसळतं. मर्यादेत राहून सर्वोत्तम लांब्या काढण्याची रीत १९९० मध्ये लारमोर आणि हिर्शबर्ग यांनी दिली. बरेच प्रोग्रॅम त्यापेक्षा सोपी, थोडी कमी काटेकोर तडजोड करतात.

आणि चौथी अडचण मुळातली आहे. कुठल्याही अक्षराला एकापेक्षा कमी बिट देता येत नाही. दोनच अक्षरं असतील, एक शंभरात ९० वेळा आणि दुसरं १० वेळा, तर शॅनन यांच्या हिशेबाने सरासरी ०.४७ बिट पुरायला हवेत. हफमन यांची रीत १ घेते, दुपटीहून जास्त. उपाय म्हणून दोन-दोन अक्षरांच्या जोड्या करायच्या. जोड्यांचं प्रमाण ८१, ९, ९, १. त्यांचे संकेत १, २, ३, ३ बिटांचे. दर अक्षरी खर्च ०.६४५ वर येतो. तिघांचे गट केले तर आणखी खाली. पण गट वाढवला की यादी दुपटी-चौपटीने फुगते. म्हणून व्यवहारात आधी दुसऱ्या एखाद्या रीतीने पुनरावृत्ती काढून टाकतात आणि उरलेल्यावर शेवटचा हात हफमन यांचा फिरतो. फॅक्समध्ये रांगा मोजतात, डिफ्लेटमध्ये आधी येऊन गेलेल्या तुकड्यांकडे बोट दाखवतात, जेपेगमध्ये ८ बाय ८ च्या चौकोनातल्या शून्यांच्या रांगा मोजतात. पण शेवटचा टप्पा सगळीकडे हाच. मराठी मजकुराला तर या जोडगोळीचा विशेष उपयोग होतो. यूटीएफ-८ या संगणकात अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं (एक बाइट म्हणजे आठ बिट). क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष मिळून नऊ बाइट. पण त्या तीनांतला पहिला बाइट दर वेळी तोच असतो, २२४. दुसरा १६४ किंवा १६५. इतक्या ठरलेल्या गोष्टीला जास्त जागा देण्याचं कारणच नाही, आणि झिप केल्यावर ती जागा परत मिळते.

हफमन यांनी या रीतीचं पेटंट घेतलं नाही. त्याची त्यांना पुढे खंत वाटल्याचं दिसत नाही. त्यांना ती गणितातली गोष्ट वाटे, आणि आपण शिकवणारा माणूस आहोत याचं समाधान होतं. पण त्या न घेतलेल्या पेटंटाचा परिणाम किती दूर गेला, हे पाहण्यासारखं आहे. हफमन यांच्यापेक्षा किंचित सरस असलेली अंकगणिती संकेत-रीत पुढे आली तेव्हा तिच्याभोवती पेटंटांची कुंपणं होती. जेपेगच्या मानकात ती रीत पर्याय म्हणून आहे, तरी बहुतेक कुणी ती वापरली नाही. बहुतेक सगळे फोटो हफमन संकेतातच साठवले गेले. बीझिप या प्रोग्रॅमच्या पहिल्या आवृत्तीत अंकगणिती रीत होती. बीझिप-२ मध्ये ती काढून हफमन घातला गेला, तोही पेटंटांमुळेच. जिफ चित्रांतल्या एलझेडडब्ल्यू रीतीच्या पेटंटावरून तंटा झाला, आणि त्यातून जन्मलेल्या पीएनजीने डिफ्लेट, म्हणजे पुन्हा हफमन, स्वीकारला. रीत थोडी कमी दाबते, पण कुणाला विचारावं लागत नाही. माझ्या मते हफमन यांच्या कारकिर्दीतला हा भाग त्यांच्या सिद्धतेइतकाच मोठा आहे.

एवढ्या एका निबंधावर त्यांचं नाव अजरामर झालं, आणि त्यामुळे त्यांचं बाकीचं काम झाकलं गेलं. खरं तर त्यांना फ्रँकलिन इन्स्टिट्यूटचं लेव्ही पदक १९५५ मध्ये मिळालं ते डॉक्टरेटच्या प्रबंधासाठी. विषय: स्मृती असलेली स्विच-मंडलं (सर्किट), म्हणजे ज्यांचं उत्तर आत्ता काय दाबलं एवढ्यावरच नव्हे, तर आधी काय घडलं यावरही ठरतं. लिफ्ट किंवा कुलूप यांच्या मागचं तर्कशास्त्र हेच. तोवर अशी मंडलं कसबी लोक अंदाजाने आणि अनुभवाने जुळवत. हफमन यांनी अवस्थांचा तक्ता मांडायला शिकवलं: प्रत्येक अवस्थेला एक ओळ, प्रत्येक आदानाला (बाहेरून आत येणाऱ्या किमतीला) एक स्तंभ, चौकटीत पुढची अवस्था. मग सारख्या वागणाऱ्या ओळी एकत्र करून तक्ता लहान करायचा आणि शेवटी त्यावरून मंडल जोडायचं. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या अभ्यासक्रमात हे तक्ते आजही असतात.

त्याच वाटेवर १९५७ चा एक निबंध आहे, धोकारहित मंडलांचा. उदाहरण छोटं आहे. तीन आदानं आहेत: अ, ब आणि क. उत्तर १ यावं, जर अ आणि ब दोन्ही १ असतील, किंवा अ ० असून क १ असेल. आता ब आणि क दोन्ही १ वर स्थिर ठेवा आणि अ ला १ वरून ० वर आणा. कागदावर उत्तर आधीही १, नंतरही १. प्रत्यक्षात अ ची उलट किंमत काढणाऱ्या दाराला (गेटला) क्षणभर वेळ लागतो. पहिली जोडी विझलेली असते, दुसरी अजून पेटलेली नसते, आणि उत्तर निमिषभर ० होऊन परत येतं. दिव्यासाठी हे चालेल, पण त्या उत्तरावर एखादी स्मृती बसलेली असेल तर तिला ० कळला आणि ती चुकीच्या अवस्थेत जाऊन बसली. उपाय: ब आणि क यांचं तिसरं दार जोडा. तर्काच्या हिशेबाने ते फालतू आहे, त्याच्यावाचून उत्तर बदलत नाही. पण संक्रमणाच्या त्या क्षणी तेच उत्तर धरून ठेवतं.

ज्या माणसाने संकेतांतून शेवटचा अनावश्यक बिट काढून टाकला, त्यानेच मंडलात अनावश्यक दार मुद्दाम बसवायला सांगितलं. यात विसंगती नाही. दोन्हीकडे विचारलेला प्रश्न एकच: इथे नेमकं किती लागतं? संकेतांत घड्याळ चालतं ते पलीकडच्याच्या सोयीने, तिथे फाजील बिट म्हणजे नुसता भार. मंडलात वीज चालते आपल्या वेगाने, तिथे थोडं फाजील नसेल तर काम मोडतं. फॅक्सच्या ओळीअखेरचा बारा बिटांचा खुंट याच जातीचा.

१९६७ साली ते एमआयटी सोडून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता क्रूझ इथल्या नव्या केंद्रात गेले. केंद्राला जेमतेम दोन वर्षं झाली होती. तिथला संगणकशास्त्र विभाग उभा करण्यात त्यांचा वाटा मोठा; १९७० ते १९७३ ते विभागप्रमुख होते, आणि १९९४ मध्ये निवृत्त झाले तरी काही वर्ग घेत राहिले. आज ज्या वयात प्राध्यापकांकडून निबंधांची संख्या मागितली जाते, त्या वयात त्यांनी फार थोडं छापलं. पण छापलं ते पायाचं.

१९७१ चा एक निबंध अशक्य वस्तूंवर होता. कागदावर काढलेलं एखादं रेघांचं चित्र खऱ्या ठोकळ्याचं असू शकतं का, हे पाहून नव्हे तर नियमाने कसं ओळखायचं? प्रत्येक रेघेला चारपैकी एक खूण द्यायची: फुगीर कडा, खोलगट कडा, किंवा मागचं झाकणारी कडा, दोनपैकी एका दिशेची. तीन पृष्ठं मिळणाऱ्या कोपऱ्यांपुरतं पाहिलं तर चित्रात रेघा चार तऱ्हांनीच भेटतात: एलसारख्या, वायसारख्या, बाणासारख्या, टीसारख्या. खुणांचे सगळे जोड मोजले तर एलचे १६, बाकी तिघांचे ६४-६४, एकूण २०८. पण खऱ्या ठोकळ्यात त्यातले फक्त १८ संभवतात. मग चित्रातल्या प्रत्येक कोपऱ्यावर या अठरांपैकीच एक बसवत जायचं. कुठे अडलं तर ठोकळा अशक्य. ब्रिटनमध्ये मॅक्स क्लोज यांनी त्याच वर्षी हेच स्वतंत्रपणे शोधलं, म्हणून दोघांचं नाव जोडून घेतात. यंत्राला दृष्टी देण्याच्या शास्त्रातली ही अगदी सुरुवातीची पायरी. नियम पुरेसा नाही, हेही हफमन यांनीच दाखवलं: सगळ्या खुणा बसूनही वस्तू अशक्य निघू शकते.

आणि मग कागद. सत्तरच्या दशकात ते कागद दुमडण्यात इतके रमले की पुढची सगळी वर्षं ते सुटलं नाही. प्राणी-पक्षी नव्हेत, सरळ आणि वक्र घड्यांनी उभे राहणारे पांढरे आकार, कागदाचे आणि पांढऱ्या व्हिनिलचे. यावर त्यांनी एकच निबंध लिहिला, १९७६ चा, वक्रता आणि घड्यांवर. त्यात एका बिंदूवर चार घड्या मिळतात तेव्हा कागद सपाट मिटायचा असेल तर एकाआड एक कोनांची बेरीज १८० अंश हवी, हा नियम आहे. कागदावर करून पाहा. एका बिंदूभोवती क्रमाने ६०, ८०, १२० आणि १०० अंशांचे कोन घ्या. ६० आणि १२०, ८० आणि १००, दोन्ही जोड्या १८०. चारपैकी तीन घड्या एका बाजूला आणि एक उलट दुमडायची, आणि ती उलटी घडी ६० अंशांच्या सर्वांत लहान कोनाच्या दोन कडांपैकीच एक असली पाहिजे. दुसरी कुठली उलटी केली तर कागद अडतो.

वक्र घडीचं प्रकरण आणखी रसाळ. जरा जाड कागदावर कंपासने १० सेंमी त्रिज्येचा कंस काढा. शाई संपलेल्या बॉलपेनने तो एकदा, सारख्या दाबाने गिरवा. फार दाबलं तर घडताना फाटतो, फार हलकं गिरवलं तर कागद आपल्याच मनाने शेजारी एक सरळ सुरकुती पाडतो. मग एकदम दुमडायला जाऊ नका. चिमटीने टोकाकडून टोकाकडे थोडी थोडी घडी घालत तीन-चार फेऱ्या करा. दिसेल की घडी जसजशी आवळते तसतसा कंस आपोआप जास्त वळतो, आणि त्याच्या एका बाजूचा कागद फुगतो, दुसऱ्या बाजूचा आत जातो. हिशेब पक्का आहे: सपाट अवस्थेतून जेवढ्या कोनाने घडी वळली त्याच्या निम्म्या कोनाच्या कोसाइनने मूळ त्रिज्येला गुणायचं. दोन बाजू एकमेकींना काटकोनात आल्या की १० सेंमीची त्रिज्या ७.०७ होते, ६० अंशांपर्यंत जवळ आल्या की ५. पूर्ण मिटायला गेलात तर त्रिज्या शून्याकडे जाते, आणि कागद त्याआधीच चुरगळतो. म्हणून वक्र घडी कधी सपाट मिटत नाही. आणि घडी पूर्ण वर्तुळाची असेल तर परिघाची लांबी तीच राहून वळण मात्र वाढतं, ते एका पातळीत मावत नाही, आणि सगळं कडं खोगिरासारखं वर-खाली होऊन बसतं.

हफमन यांच्या रचनांत वर्तुळ, लंबवर्तुळ आणि पॅराबोला पुन्हा पुन्हा येतात. याचं कारण आहे. वळलेल्या कागदावर काही सरळ रेषा दडलेल्या असतात, ज्यांच्या दिशेने कागद वळत नाही. पॅराबोलाच्या नाभीतून निघालेल्या अशा रेषा घडी ओलांडल्यावर एकमेकींना समांतर होऊ शकतात, आरशावरून परतणाऱ्या किरणांसारख्या. त्यामुळे एका घडीनंतर पुढची घडी कुठे घालावी हे मोजता येतं, अंदाज करावा लागत नाही.

१९९९ मध्ये त्यांना हॅमिंग पदक जाहीर झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कर्करोगाने ते गेले, चौऱ्याहत्तराव्या वर्षी. मागे राहिले कागदाचे आणि व्हिनिलचे आकार आणि टिपणं. बहुतेकांची कृती कुठेच छापलेली नव्हती. एमआयटीतले एरिक डेमेन, त्यांचे वडील मार्टिन आणि डुक्स कोशिट्झ यांनी कुटुंबाच्या मदतीने ते आकार पुन्हा उकलायला घेतले. समोर दुमडलेली वस्तू, आणि काढायचा आहे तिचा मूळ सपाट आराखडा: घड्या कुठे, कोणत्या वक्राच्या, नाभी कुठे, कुठली घडी वर आणि कुठली खाली.